तुम्ही विचारलंत म्हणून: स्लॅबवरची छत्री

"घरात वायफाय आहे, भिंतीवर 43 इंची स्मार्ट टीव्ही आहे, मग ही टीव्हीची फुकटवाली छत्री अजून कशाला?" भाचा विचारतो, शाळेतल्या बाया विचारतात. परवा तर नेटची वायर ओढायला आलेल्या पोरानेही विचारलं. "महिन्याचं रिचार्ज लागत नाही ना," असं म्हणून मी दर वेळी सुटते. तसं ते खोटं नाही. दूरदर्शनच्या डीडी फ्री डिशला छत्री आणि बॉक्सचे पैसे एकदा दिले की झालं. पण खरं कारण ते नाही.

जुन्या दूरदर्शनच्या आठवणींनी गहिवरणारी मी नव्हे. 1988 साली महाभारत सुरू झालं तेव्हा मी नऊ वर्षांची. रविवारी सकाळी सगळी गल्ली एकाच घरात गोळा व्हायची. बाप्ये पुढे, पोरं त्यांच्या पायाशी, आणि बाया भाकरी थापून होतील तेव्हा दाराशी उभ्या. द्रौपदी वस्त्रहरणाच्या दिवशी नेमकी लाइट गेली. पुढे काय झालं ते मला दुसऱ्या दिवशी शाळेत कळलं, तेही सांगणाऱ्याने स्वतःच्या मनचं घालून. कार्यक्रमाची वेळ दिल्लीत ठरायची. लाइट जायची वेळ कुणीच ठरवत नव्हतं. तेव्हा, हवं ते हवं तेव्हा बघता येतं याचं मोल मला कुणी शिकवू नये. आणि आपली खानदेशातली अहिराणी बोली? टीव्हीच्या वेळापत्रकात तिला कधी धड जागा मिळाली नाही. आज यूट्यूबवर अहिराणी गाणी कोट्यवधी वेळा बघितली जातात. आई स्वयंपाक करता करता फोनवर कीर्तन लावते, मध्येच थांबवते, पोळी उलटून परत लावते.

मग छत्री कशाला? आप्पांमुळे.

2022 मध्ये मातीच्या धाब्याचं घर पाडून स्लॅब टाकला. छत्री उतरवली ती मी परत बसवूच दिली नाही. अडगळ नको, असं मीच म्हटलं. स्मार्ट टीव्ही आणला आणि आप्पांना रिमोट शिकवला. शाळेत शिकवते तसाच, दोनदा, तिसऱ्यांदा आवाज चढवून. आप्पांचा दिवस टीव्हीला टांगलेला होता. संध्याकाळच्या मराठी बातम्या लागल्या की ओट्यावरून दोघं-तिघं आत येत. 2020 च्या लॉकडाउनमध्ये रामायण परत लागलं, तेव्हा रात्री नवाच्या आत जेवून, हातपाय धुऊन ते खाटेवर बसत. नवीन टीव्हीपुढे बसून ते मला विचारायचे, "आते काय लागेल शे?" आणि मी सांगायचे, "आप्पा, काही लागलेलं नसतं. तुम्हाला काय पाहिजे ते लावा."

काय पाहिजे, हे त्यांना टीव्हीने कधी विचारलंच नव्हतं.

एका संध्याकाळी मी शाळेतून आले तर आप्पा टीव्हीपुढे ताठ बसलेले. पडद्यावर सुरुवातीचं पान. त्यावर सिनेमांच्या झलका आपोआप एकामागून एक चालल्या होत्या. कुठे मारामारी, कुठे लग्न, कुठे कोर्ट. म्हणाले, "हाई बी सरी गया. आजकाल समदं लवकर सरस." म्हणजे, हेही संपलं, हल्ली सगळं लवकर संपतं. तासभर ते त्या झलकांनाच कार्यक्रम समजून बघत होते.

मी हसले. इथवरही ठीक होतं. पण पंधरा दिवसांनी एका साखरपुड्यात मी हा किस्सा रंगवून सांगितला, आप्पांच्या आवाजाची नक्कल करून. सगळे खदखदून हसले. आप्पा मागच्या पंगतीत जेवत होते. मला ते दिसले तेव्हा ते वरणात भात कालवत होते, फार वेळ कालवत होते.

त्यानंतर त्यांनी रिमोटला हात लावला नाही. मी बातम्या लावून द्यायचे, तर म्हणायचे, "राहू दे माय." ओट्यावरची माणसंही येईनाशी झाली, कुणाच्या घरी 'लागलं'य हे आता कुणालाच माहीत नसायचं. पुढच्या वर्षी आप्पा गेले. टीव्हीमुळे गेले असं मी म्हणत नाही. डॉक्टरांनी सांगितलेलं कारण वेगळं होतं आणि ते मला पटतंही. छत्री मी त्यांच्या वर्षश्राद्धाच्या आधी बसवून घेतली.

माहीत आहे, तुम्ही म्हणाल, आता कुणासाठी? भाचा तर तोंडावर म्हणाला, "आत्या, आप्पांना त्याच टीव्हीवर बातम्यांचं ॲप काढून दिलं असतं तर झालं असतं." बरोबर आहे त्याचं. दहा मिनिटांचं काम होतं. 2022 मधली मीही हेच म्हणाली असती, आणि आप्पांनी शिकून घ्यायला हवं होतं, असंही वर म्हणाली असती. तिला काय उत्तर द्यावं ते मला अजून सुचलेलं नाही.

संध्याकाळी सात वाजता मी टीव्ही लावते आणि दार उघडं ठेवते. बातम्या ऐकतेच असं नाही. बहुतेक वेळा माझ्या हातात फोन असतो.