हे खरे आहे काय?

परवा भाच्यानं विचारलं, मामा तुझी सगळी नोकरी झेडपीत गेली, तर हे आमदार लोक मुंबईला नि नागपूरला जे प्रश्न विचारतात त्यानं खरंच काही होतं का, का नुसतं टीव्हीसाठी? पायऱ्यांवर फलक घेऊन उभे असतात, गळ्यात कांद्याच्या माळा घालतात, ते त्यानं बघितलेलं. मी म्हटलं, ते सोड, ते फोटोपुरतं. खरी भानगड कागदावर असते, आणि तो कागद कुठून कुठं फिरतो हे बघायचं असेल तर माझ्यासारख्या महिला व बालकल्याणच्या टेबलवर बसावं लागतं.

आमदारांच्या प्रश्नाला आमच्याकडं एलएक्यू म्हणतात, म्हणजे लेजिस्लेटिव्ह असेंब्ली क्वेश्चन. 'तारांकित प्रश्न' (ज्याचं उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतात तो) वगैरे कोणी बोलत नाही. "एलएक्यू आलाय" एवढं म्हटलं की कॅन्टीनला गेलेली माणसं परत येतात. व्हॉट्सअॅप ग्रुपवर लाल अक्षरात मेसेज पडतो, विधानसभा तारांकित, अतितात्काळ, आज दुपारी २ पर्यंत माहिती सादर करा, निरंक असल्यास निरंक कळवा. निरंक म्हणजे कळवण्यासारखं काही नाही. आणि आमच्या लोकांना या शब्दाचा एवढा लळा की अर्धे तालुके काही न बघता आधी निरंक पाठवून मोकळे होतात, मग स्मरणपत्र गेलं की तेच तालुके आकडे पाठवतात.

ज्यांनी कधी वाचला नसेल त्यांच्यासाठी सांगतो, प्रश्नाचा साचा वर्षानुवर्षं तोच आहे. अमुक तालुक्यात अमुक गोष्ट माहे अमुक मध्ये वा त्या सुमारास निदर्शनास आली, हे खरे आहे काय. असल्यास, याबाबत शासनाने चौकशी केली आहे काय, त्यात काय आढळून आले. तद्नुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे. नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत. झालं, एवढंच. उत्तरंही ठरलेली. "हे खरे आहे", "हे खरे नाही", "हे अंशतः खरे आहे", आणि सगळ्यात लाडकं, "प्रश्न उद्भवत नाही". म्हणजे पहिल्या भागाला 'खरे नाही' म्हणता आलं की खालचे तीन भाग आपोआप मेले. त्यामुळं वरपासून खालपर्यंत सगळ्यांची बुद्धी पहिल्या भागावर चालते.

आणि इथंच ते 'वा त्या सुमारास' लागतं. लोक हसतात या शब्दांना, पण मी उदाहरण बघितलंय. एका प्रश्नात नुसती तारीख होती, १२ तारखेला पाहणीत आढळून आले हे खरे आहे काय असं. पाहणी झाली होती १४ ला. उत्तर गेलं, हे खरे नाही. पुढं प्रश्न उद्भवत नाही. चौदा तारखेच्या पाहणीत सगळं आढळलेलं, कागद माझ्या कपाटात. खोटं कोणी बोललं नाही हो, १२ तारखेला काहीच आढळलं नव्हतं!

माहितीचा प्रवास असा. विधान भवनातून प्रश्न मंत्रालयात विभागाच्या कक्षात, तिथून आयुक्तालयात, आमच्या बालविकासचं बेलापूरला रायगड भवनात आहे, तिथून झेडपीला सीईओंच्या नावानं, मग आमचे डेप्युटी सीईओ, मग तालुक्याच्या सीडीपीओ मॅडम (बालविकास प्रकल्प अधिकारी), मग पर्यवेक्षिका, आणि सगळ्यात शेवटी अंगणवाडी सेविका, जिच्याकडं खरी माहिती असते. तिला फोन सकाळी साडेअकराला जातो आणि बाराला उत्तर पाहिजे असतं. ती बिचारी एका हातानं खिचडी ढवळतेय. मग हीच माहिती उलटी वर चढते आणि प्रत्येक पायरीवर तिचं थोडं थोडं टोक घासलं जातं. सेविका म्हणते छत गळतं. पर्यवेक्षिका लिहिते दुरुस्तीची गरज आहे. तालुका लिहितो किरकोळ दुरुस्ती प्रस्तावित. आम्ही लिहितो दुरुस्तीची कार्यवाही प्रगतीपथावर. (हो, आम्ही. मीही लिहिलंय, उगाच साधू बनण्यात अर्थ नाही.)

आता एक घडलेली गोष्ट. सात-आठ वर्षांपूर्वी आमच्या एका तालुक्यावर प्रश्न आला की अंगणवाड्यांना स्वतःच्या इमारती नाहीत आणि मुलं उघड्यावर बसतात, हे खरे आहे काय. आमच्याकडं इमारत नसलेल्या एकोणीस होत्या. मी यादी करून दिली. पण त्या एकोणीसपैकी सहा शाळेच्या व्हरांड्यात, पाच समाजमंदिरात, चार भाड्याच्या खोलीत, तीन सेविकेच्या स्वतःच्या घरात, आणि एकच अशी की जी खरंच पिंपळाच्या पारावर भरायची आणि पाऊस आला की सुट्टी. उत्तर काय छापून आलं? हे अंशतः खरे आहे, सदर अंगणवाड्या पर्यायी जागेत सुस्थितीत भरत आहेत. त्या पारावरच्या अंगणवाडीचं काय केलं माहितीय? उत्तर जायच्या आदल्या संध्याकाळी पर्यवेक्षिकेला सांगून ती ग्रामपंचायतीच्या खोलीत हलवली. जिथं खतांच्या गोण्या होत्या. गोण्या एका बाजूला सरकवून सतरंजी टाकली, फोटो काढला, फोटो जोडला. पण एक सांगतो, ती मुलं नंतर तिथंच राहिली, पारावर परत गेली नाहीत. म्हणजे प्रश्न सभागृहात चर्चेला सुद्धा आला नव्हता, गोंधळात प्रश्नोत्तराचा तास वाहून गेला आणि उत्तर नुसतं पटलावर ठेवलं, तरी एका गावची पोरं छपराखाली आली. भाच्याला हे सांगितलं तर त्याला पटेना. त्याचं म्हणणं, एवढ्यासाठी आमदार लागतो का? मी म्हटलं, आमच्याकडं लागतो.

मग २०२३ ला त्याच तालुक्यावर पुन्हा प्रश्न आला आणि तो वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. विचारणारा आमदार वेगळा, नाव सांगत नाही, पक्षही नाही सांगत, उगाच कॉमेंटमध्ये भांडणं नकोत. पण प्रश्न असा की पळायला जागाच नाही. स्वतःची इमारत नसलेल्या अंगणवाड्या किती, त्यापैकी शाळेत, समाजमंदिरात, भाड्यानं, खाजगी घरात आणि उघड्यावर किती, प्रकारनिहाय. भाड्याच्या खोल्यांचं भाडं शेवटचं कधी अदा झालं. मंजूर इमारतींपैकी काम सुरू न झालेल्या किती आणि जागा उपलब्ध नसणे हे कारण किती ठिकाणी आहे. म्हणजे विचारणाऱ्याला आमची सगळी बिळं माहिती होती. नंतर कळलं की तो प्रश्न त्यांच्या पीएनं लिहिला होता, आणि पीएची आई रिटायर्ड पर्यवेक्षिका. मग बरोबर आहे.

वेळ पण अशी की ४ डिसेंबरपासून राज्यभर सेविका-मदतनीसांचा बेमुदत संप आणि ७ पासून नागपूरला हिवाळी अधिवेशन. मूळ उत्तर आधीच गेलं होतं, पण ऐनवेळी पूरक टिपणीसाठी गावनिहाय यादी मागितली. मंत्र्यांना उपप्रश्न येतात ना, त्यासाठी आधी तयार करून देतात ती पूरक टिपणी, आणि तरी अडलंच तर गॅलरीत बसलेले अधिकारी चिठ्ठी पाठवतात. आता संपावरच्या बाईला माहिती कोण मागणार? मी एकीला फोन लावला, मागं घोषणा चालू, कुठल्यातरी मोर्चात होती. म्हणाली, सर मी संपावर आहे, एक आकडा देणार नाही. मी म्हटलं बरोबर आहे ताई, पण इमारतीचा प्रश्न आहे विधानसभेतला. तर म्हणाली, थांबा, जरा बाजूला जाते. आणि बाजूला जाऊन वीस मिनिटं बोलली, भाडं चौदा महिने थकलंय, घरमालक कुलूप लावतो म्हणतो, दोनदा मी पदरचे दिले, लिहा, सगळं लिहा. मी सगळं लिहिलं आणि या वेळी टोक घासलं नाही. वर कोणी घासलं असेल तर ते मला माहीत नाही, पण छापील उत्तरात 'भाडे प्रलंबित आहे, हे खरे आहे' हे वाक्य होतं आणि पुढच्या दोन महिन्यांत थकबाकी निघाली.

सामाजिक विषयावरच्या प्रश्नात आणखी एक पळवाट असते ती कारणांची. मेळघाटचं बघा, धारणी आणि चिखलदरा, कितीतरी अधिवेशनांत बालमृत्यूंवर प्रश्न असतो आणि उत्तरात बहुतेकदा तेच की हे मृत्यू थेट कुपोषणामुळे नसून कमी वजनाचं जन्मलेलं बाळ, न्यूमोनिया, जंतुसंसर्ग अशा कारणांनी झाले. डॉक्टरी भाषेत ते चूकही नसतं. पण बाळ कमी वजनाचं का जन्मलं हे विचारायला उपप्रश्न लागतो, आणि उपप्रश्नाला अभ्यास लागतो. सांगोल्याचे गणपतराव देशमुख अकरा वेळा निवडून आले आणि एसटीनं फिरायचे हे सगळे सांगतात, पण आमचे जुने हेडक्लार्क त्यांचं वेगळंच कौतुक करायचे, म्हणायचे त्यांचा प्रश्न आला की गोलमाल उत्तर लिहायला हात धजत नाही. मृणालताई गोरेंना लोक पाणीवाली बाई म्हणायचे, ते पण सभागृहाबाहेर हंडे आणि सभागृहात कागद, दोन्ही होतं म्हणून.

हल्ली प्रश्नापेक्षा लक्षवेधी सूचना जास्त चालते. विधानसभेत नियम १०५. मंत्री निवेदन करतात, मग आमदार विचारतात, कॅमेऱ्यात छान दिसतं, एका दिवसात एवढ्या लावतात की रात्री उशिरा रिकाम्या बाकांसमोर चालू असतात. मला स्वतःला साधा अतारांकित प्रश्न आवडतो. लेखी विचारा, लेखी घ्या, भाषण नाही काही नाही. त्याला कोणी विचारत नाही म्हणून त्यातली उत्तरं जरा जास्त खरी असतात, असा माझा अनुभव. याद्या विधानमंडळाच्या साइटवर पीडीएफमध्ये असतात, आपल्या तालुक्याचं नाव शोधून बघा एकदा, करमणूक होईल.

आणि सभागृहात मंत्री "तपासून घेतो, कार्यवाही करतो" म्हणाले की ते आश्वासन धरलं जातं, आश्वासन समितीकडं जातं, आणि त्याचा कागद पुन्हा आमच्याच टेबलवर येतो. मंत्री बदललेले असतात, सरकार बदललेलं असतं, टेबल तेच. एकदा चुकीची माहिती गेली तर हक्कभंगाची भीती, म्हणून मी सगळ्या फायली रिटायर होईपर्यंत कुलपात ठेवल्या. बायको म्हणायची दागिने उघड्यावर नि फायली कुलपात.

रिटायर झालो गेल्या वर्षी. आता गावातले लोक अर्ज लिहायला येतात. त्या चौदा महिन्यांच्या भाडेवाल्या सेविकेला आता नवीन इमारत मिळालीय, रंगीत, भिंतीवर हत्ती, फुलपाखरं. पण पाण्याचं कनेक्शनच नाही, संडास आहे आणि त्याला कुलूप. ती म्हणाली सर, तुम्हीच करा काहीतरी. मी रात्री बसून साच्यात व्यवस्थित प्रश्न टाइप केला, चार भाग, प्रकारनिहाय, कनेक्शन नसलेल्या इमारती किती, काम पूर्णत्वाचा दाखला पाण्याशिवाय कोणी दिला, सगळं. त्या आमदारांच्या पीएला पाठवला. सकाळी त्याचा फोन. म्हणाला काका, एकदम कडक झालाय, पण तुम्ही 'वा त्या सुमारास' टाकायला विसरलात.