खर्रा थांबला की सिनेमा सुरू: रोवणीपासून दिवाळीपर्यंतची नोंद

मंडळी, मागच्या नोंदीत मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं की दर शनिवारी एक सिनेमा पाहणार आणि वहीत त्यावर दोन पानं लिहिणार. जूनच्या शेवटी सुरुवात केली. त्या हिशेबाने दिवाळीपर्यंत सतरा-अठरा व्हायला पाहिजे होते, झाले नऊ. त्यातले चार मी एकट्याने मोबाईलवर पाहिले, ते मोजत नाही. उरलेले पाच अंगणात, चादरीवर, गावातल्या लोकांसोबत पाहिले. ही नोंद त्या पाचांची.

आमचं गाव चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही-मूल पट्ट्यातलं, म्हणजे धान, तलाव आणि जंगल. प्रोजेक्टर जुना घेतला आहे, लग्नात फोटो दाखवायला वापरलेला. त्याचा पंखा एवढा आवाज करतो की पहिल्या दिवशी शेजारच्या वहिनींना वाटलं मी मळणीयंत्र आणलं. स्पीकर भजनी मंडळाचा. चादर घरची, आणि तिच्यावरून घरात दोनदा बोलणी झाली. सिनेमा दुपारीच पाण्याच्या टाकीजवळ जाऊन मोबाईलमध्ये उतरवून ठेवतो, कारण अंगणात रेंज येते तेव्हा नेमकी लाइट नसते.

आता मुख्य गोष्ट. सुरुवातीला मी वहीत दिग्दर्शन, छायाचित्रण, अभिनय असे रकाने पाडले होते. दुसऱ्याच आठवड्यात ते खोडले आणि एकच रकाना ठेवला: खर्रा. विदर्भाबाहेरच्यांसाठी सांगतो, सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून तळहाताने घोटत बसायचं. त्याचा एक चर्र-चर्र आवाज असतो. अंगणात दहा-बारा जण असले की निदान तिघांचं घोटणं चालूच असतं. सिनेमात माणसं खरंच अडकली की तो आवाज बंद पडतो. कोणी ठरवून थांबवत नाही, हात आपोआप थांबतात. मी मिनिटं टिपायला लागलो. तारे देण्यापेक्षा हे बरं, तारे खोटे देता येतात.

जुलै, रोवणीचे म्हणजे भातलावणीचे दिवस. ‘गाभ्रीचा पाऊस’.

सतीश मनवर यांचा, २००९ चा. हा मी आधी एकदा पाहिला होता आणि तेव्हा डोक्यात ‘शेतकरी आत्महत्येवरचा सिनेमा’ अशी चिठ्ठी लावून ठेवली होती. शेजारच्या शेतकऱ्याने जीव दिल्यावर अलका, म्हणजे सोनाली कुलकर्णी, नवऱ्याच्या धास्तीने पोराला त्याच्या मागावर ठेवते. नवरा किसना, गिरीश कुलकर्णी. त्याच्या मनात तसलं काहीच नाही, आणि हे पोरगं जाईल तिथे मागे-मागे.

त्या रात्री पाऊस एवढा होता की चादर ओसरीत बांधावी लागली. लोक रोवणी करून आलेले, पायांना चिखल तसाच. आणि लोक हसले. पोरगं बापाच्या मागे लागतं तिथे खळखळून हसले. मला आधी लाज वाटली, म्हटलं यांना विषय कळतो की नाही. मग लक्षात आलं की दिग्दर्शकाने ते हसण्यासाठीच केलं आहे. पहिल्या वेळी मी एवढा गंभीर चेहरा करून बसलो होतो की ते मला दिसलंच नव्हतं. हसणं आणि खर्रा एकदमच थांबले, दुसऱ्या अर्ध्यात. कुठे ते सांगत नाही, ज्यांनी पाहिला नाही त्यांनी पाहावा.

वर्धा-यवतमाळकडचा कापूस आणि आमचा धान यांचं दुःख एक नाही, हेही त्या रात्री निघालं. आमच्याकडे पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, टाकून पावसाची वाट पाहता येते. तिकडे पेरलेलं जळलं की पुन्हा बी घ्या, पुन्हा पेरा, पुन्हा उसनवारी. काकाजी एवढंच म्हणाले, “आमचा धान पान्यात उभा राह्यते जी. त्याईचा कापूस पान्याची वाट पाह्यते.”

ऑगस्ट. ‘नाळ’.

थोडक्यात लिहितो, कारण यावर भांडणच झालं नाही. सुधाकर रेड्डी यक्कंटी मूळचे छायाचित्रकार, २०१८ चा हा त्यांचा दिग्दर्शक म्हणून पहिला सिनेमा, पहिल्या दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला. चैत्या झालेल्या श्रीनिवास पोकळेलाही बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. माझ्यासाठी महत्त्वाचं वेगळं आहे. सिनेमात आपली बोली आली की समजायचं आता विनोद होणार. हॉटेलातला पोऱ्या, हवालदार, गावठी सासरा. इथे एक पोरगं ती बोली बोलत आईवर रुसतं, आणि कोणाला हसायचं नसतं. गाण्यातलं ‘जाऊ दे न व’ ऐकून मोठी माय म्हणाली, “हा आपल्यातलाच पोट्टा होय.” म्हैस आणि तिच्या पिल्लाच्या धाग्यावर म्हाताऱ्यांनी आपल्या गोष्टी काढल्या. पिल्लू मेलं की कातड्यात तणस भरून म्हशीसमोर ठेवायचं, ती त्याला चाटते आणि पान्हा सोडते. ज्यांनी हे हाताने केलं आहे ते तेव्हा चादरीकडे पाहतच नव्हते. त्यामुळे खर्र्याची नोंद नाही.

सप्टेंबर, पोळ्यानंतर. ‘कोर्ट’.

याची मला सगळ्यात जास्त भीती होती. चैतन्य ताम्हाणे यांचा पहिला सिनेमा. २०१४ मध्ये व्हेनिसला गौरवला गेला, मग सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार, नंतर भारताकडून ऑस्करला. ही यादी वाचून माझ्या अंगणातले लोक थांबणार नव्हते. मृणाल देसाई यांचा कॅमेरा एका जागी ठेवला की हलत नाही. माणसं चौकटीत येतात, बोलतात, निघून जातात, चौकट तिथेच. मी चहाचं आधण वाढवून ठेवलं होतं, म्हटलं अर्धे तरी उठतील.

खटला असा: गटारात उतरणारा एक कामगार मेला, आणि लोकशाहीर नारायण कांबळे यांच्या गाण्यामुळेच त्याने जीव दिला असा आरोप. कांबळे झालेले वीरा साथीदार आपल्या नागपूरचे, चळवळीतले. २०२१ च्या एप्रिलमध्ये कोरोनात गेले. हे मी सुरुवातीलाच सांगितलं, आणि बरं झालं. ते पहिल्यांदा पडद्यावर गातात तेव्हा लोक सावरून बसले. त्या गाण्यांमागे संभाजी भगत आहेत, ऐकणाऱ्याला ते कळतंच.

पण खर्रा? तो पूर्ण सिनेमाभर चालू होता. एकदाही थांबला नाही. माझ्या निकषाने सिनेमा साफ पडला म्हणायचा. आणि तरीही एक माणूस उठला नाही. चहासुद्धा बसल्या जागी मागवला.

मला याचा उलगडा काकाजींमुळे झाला. त्यांचा बांधावरून भावकीशी दावा आहे, अकरा वर्षं तारखा चालू आहेत. ते म्हणाले, “इथं तर लयच लवकर चालून रायलं जी. वकील येऊन रायला, साहेब बसून रायला, आनखी का पायजे?” मग सगळ्यांच्या तारखा निघाल्या. व्हरांड्यात बाकावर बसायचं, नाव पुकारलं की उठायचं, पुढची तारीख घेऊन बस पकडायची. आणि तिथे बसून माणूस काय करतो? खर्रा घोटतो. म्हणजे लोक सिनेमा पाहत नव्हते, कोर्टात बसले होते. वहीत तेवढ्यासाठी एक नवीन खूण केली आहे: गोल, आत टिंब.

एक जागा मात्र मला एकट्यालाच लागली. सरकारी वकील, गीतांजली कुलकर्णी, काम संपवून लोकलने घरी जाते, बायकांशी साडीवर बोलते, घरी स्वयंपाक करते. दिवसभर जिने एका म्हाताऱ्याला आत ठेवा म्हणून वाचून दाखवलं, ती आता भाजीला फोडणी देते. तिच्यावर रागही धरता येत नाही. हे मी बोलून दाखवलं तर वहिनी म्हणाल्या, “मग का तिनं उपाशी राहाव?” विषय तिथेच संपला.

ऑक्टोबर. ‘शेरनी’.

आधी तुडतुड्यांचं, म्हणजे धानावरच्या बारक्या किड्यांचं सांगतो, कारण ही अडचण पुण्या-मुंबईच्या कोणत्याच सिनेमावाल्याला येणार नाही. धान निसवला की तुडतुडे वाढतात आणि उजेडावर धावतात. प्रोजेक्टर लावल्यावर दहा मिनिटांत पांढरी चादर हिरवी-करडी झाली. विद्या बालनच्या गालावर हे एवढे तुडतुडे. तोंडात जायचे, चहात पडायचे. दोनदा सिनेमा थांबवला. शेवटी पोट्ट्यांनीच डोकं लढवलं. शेतात प्रकाश सापळा लावतो तसं अंगणाच्या पार कोपऱ्यात दोनशेचा पिवळा बल्ब टांगला, खाली टोपल्यात पाणी आणि वर थोडं घासलेट. सिनेमाच्या अर्धा तास आधी तो पेटवायचा. नव्वद टक्के पाहुणे तिकडे जातात. पावसाळ्यात अंगणात दाखवणाऱ्यांनी करून पाहा, मात्र बल्ब चादरीपासून जितका लांब तितका बरा.

सिनेमा अमित मसुरकर यांचा, २०२१ मध्ये थेट प्राइम व्हिडिओवर आलेला, चित्रीकरण मध्य प्रदेशातल्या जंगलात. पण विदर्भात तो पाहताना यवतमाळची टी-१, म्हणजे अवनी वाघीण, आठवल्याशिवाय राहत नाही. तिला २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री मारलं. आमच्याकडे तर बातमी वाचायचीही गरज नाही, ताडोबा बाजूलाच आहे. अंगणातल्या प्रत्येक घरात कोणाचा ना कोणाचा मामा, दीर, बैल नाही तर गोऱ्हा वाघाच्या हिशेबात आहे.

खर्रा बंद पडला. पण वाघाच्या दृश्यांनी नाही. वाघ आला तर पोट्टे शिट्ट्या मारायचे. हात थांबले ते चराईच्या गोष्टीवर. गावाची गुरं चारायची जागा झाडं लावून अडवली, मग जनावरं न्यायची कुठे? आत. आत वाघ. हे पडद्यावर आलं तेव्हा कोणीच काही बोललं नाही. नंतर मोहफुलांवर बोलणं गेलं. मोहफूल वेचणारी बाई पहाटे वाकलेली असते, वाघाला ती माणूस दिसतच नाही, म्हणून घात होतो. मोठी माय म्हणाली, “सिनेमातली बाई लय सरळ चालते. सरळ चालनाऱ्याले तो सोडून देते.”

माझं मत: सिनेमा शिकारी हौशी माणसाला थोडा सोपा खलनायक करतो, शरत सक्सेना असले तरी. विजय राज यांचा प्राध्यापक मला जास्त खरा वाटला. आवाजाचं काम मात्र असं आहे की रातकिडे सिनेमातले कोणते आणि अंगणातले कोणते, हे दोन तास कळलं नाही.

दिवाळीच्या आदल्या शनिवारी. ‘झुंड’.

सगळ्यात जास्त गर्दी, चाळीसच्या वर. मी सावधगिरीने सांगितलं, तीन तासांचा आहे. तर हशा पिकला. झाडीपट्टीचं, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातलं नाटक रात्री दहाला सुरू होऊन झुंजूमुंजू होईपर्यंत पाहणारी ही माणसं. “तीन तास? मग हा तर पहिलाच अंक झाला!”

नागराज मंजुळे, मार्च २०२२. हिस्लॉप कॉलेजमधले क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी नागपूरच्या झोपडपट्टीतल्या पोरांना फुटबॉल खेळायला लावला, त्यावर बेतलेला. अमिताभ बच्चन आहेत, पण पोरं बहुतेक सगळी पहिल्यांदाच कॅमेऱ्यासमोर. कॅमेरा पुन्हा यक्कंटींचाच. आमच्या पोट्ट्यांना नागपुरी हिंदी-मराठी खिचडी ऐकून एवढा आनंद झाला की पहिला सामना होईपर्यंत नुसती नक्कल चालली होती.

इथे माझं आणि अंगणाचं पटलं नाही. मला पहिला अर्धा आवडतो. सामना संपल्यावर दुसरा अर्धा लांबतो, पसरतो, असं माझं मत होतं आणि थोडं अजूनही आहे. पण खर्र्याची वही उलटं सांगते. सामन्यात घोटणं चालू. रिंकू राजगुरूची मोनिका बापाला घेऊन ओळखीच्या कागदासाठी दारोदार फिरते तिथे अंगण चिडीचूप. या कागदासाठी तो कागद, त्याच्यासाठी आधीचा. माझ्यामागे बसलेल्या एका बाईने हळूच विचारलं, “भेटला का तिले दाखला?” सिनेमा संपला नव्हता, मला माहीत होतं, तरी मी सांगितलं नाही. तिचं स्वतःचं जातपडताळणीचं प्रकरण पोराच्या शिक्षणापायी दोन वर्षं अडकलं होतं, हे मला नंतर कळलं. तेव्हापासून मी मोबाईलवर एकट्याने पाहिलेले सिनेमे मोजणं सोडलं.

त्यानंतर चादर बंद. दिवाळी झाली की वडसा-देसाईगंजच्या नाटक मंडळ्यांच्या तारखा लागतात, मंडई (गावची जत्रा) आणि शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतीच्या) गावोगावी नाटकं सुरू होतात, होळीपर्यंत माझ्या प्रोजेक्टरला कोण विचारतो? २०२३ मध्ये झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हापासून तर बाहेरचे लोकही गाड्या करून नाटक पाहायला येतात. मीही जातो. मागच्या आठवड्यात गेलो, वही खिशात होती. दुसऱ्या अंकात नायिकेचा बाप खुर्चीवरून उठला तेव्हा दोन-अडीच हजारांच्या गर्दीत एकाच वेळी घोटणं थांबलं. एवढ्या मोठ्या अंगणात हे मी पहिल्यांदाच ऐकलं.

होळीनंतर काय दाखवायचं ते सुचवा. ‘सामना’ मनात आहे, पण ऊस आणि साखर कारखाना आमच्याकडे रुजतो की नाही याची खात्री नाही. तोवर चादर द्यायला घरातून नकार आहे. ती सध्या खळ्यात धानाच्या पोत्यांवर आहे.