तुम्ही विचारलंत म्हणून: ट्रेक झाला, फोटो पाहिले, मग बैठक कशाला?

शेजारी विचारतात, ऑफिसातले विचारतात, आमच्यासोबत नव्याने डोंगरात येऊ लागलेली मुलंही विचारतात, "ट्रेकला जाता ते समजतं. फोटो त्याच रात्री ग्रुपवर येतात. मग महिन्यातून एकदा तुमच्या ट्रेकिंग मंडळाच्या बैठकीत, शाळेच्या वर्गात बसून एकमेकांचे ट्रेक ऐकायला कशाला जाता?" प्रश्न रास्त आहे. डोंबिवलीत कामाच्या दिवशी संध्याकाळी लोकलमधून उतरून घरी न जाता बाकावर जाऊन बसायचं, तर त्याला तसंच कारण हवं. माझं कारण असं की सह्याद्रीतल्या कितीतरी घाटवाटा आता फक्त सांगण्या-ऐकण्यात उरल्या आहेत. त्या मला हव्या आहेत आणि माझ्यानंतरच्यांनाही मिळायला हव्यात.

नाणेघाट सगळ्यांना माहीत असतो. सातवाहनांच्या काळात कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतला माल तिथून जुन्नरकडे चढायचा आणि राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख तिथल्या लेण्यात आजही आहे. पण नाणेघाटाच्या दोन्ही अंगांना कोकणातल्या पाड्यांवरून घाटमाथ्यावर चढणाऱ्या लहान वाटा किती होत्या, ते कुठल्याही लेखात कोरलेलं नाही. कुणाची लेक वर दिलेली, कुणाचा बाजार खाली. वरून बाजरी उतरायची, खालून तांदूळ, मीठ, सुकी मासळी चढायची. पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यात म्हशाची जत्रा भरते, गुराढोरांची आणि घोंगड्यांची. माथ्यावरची माणसं तिला याच वाटांनी उतरत. मग रस्ते झाले, एसटी आली, जीप आल्या. वाटेचं काम संपलं. आणि वापरात नसलेली वाट सह्याद्री फार दिवस ठेवत नाही. करवीची झुडपं डोक्यावर वाढतात, नाळेतले, म्हणजे दोन कड्यांमधल्या अरुंद उभ्या घळीतले, धोंडे पावसाळ्यात जागा सोडतात, कड्याच्या पोटातून गेलेली आडवी पाऊलवाट दरीच्या बाजूने ढासळत जाते.

मोबाइलमध्ये ट्रॅक असतोच की, असं तुम्ही म्हणाल. असतो, मीही वापरते. पण नाळेत शिरलात की दोन्ही बाजूंना कातळाच्या भिंती आणि वर आकाशाची चिंचोळी पट्टी. उपग्रहाचे संकेत भिंतींवर आपटून येतात आणि पडद्यावरची रेघ वेडीवाकडी नाचायला लागते. नेमकं जिथे उजवीकडची नाळ घ्यायची की डावीकडची हे ठरवायचं असतं, तिथेच ती उपयोगाची राहत नाही. शिवाय ट्रॅक कुठल्या महिन्यातला आहे, तेव्हा कातळात कोरलेल्या टाक्यात पाणी होतं का, कड्यावर आग्यामोहोळ लटकलेलं होतं का, यातलं काहीच ती रेघ सांगत नाही.

हे सगळं बैठकीत निघतं, आणि बहुतेक वेळा सांगणाऱ्याच्या तोंडून आपणहून निघत नाही, विचारावं लागतं. आमच्याकडे मागच्या बाकावर काही ज्येष्ठ मंडळी बसतात. गुडघ्यांमुळे त्यांचं चढणं कमी झालंय, पण एकही बैठक ते चुकवत नाहीत. समोरचा मुलगा उत्साहाने सूर्योदयाचे फोटो दाखवत असतो आणि मागून प्रश्न येतो, "पाणी कुठे भरलंत?" मग, "कोणत्या तारखेला?" मग, "टाकं उघड्यावरचं की खांबटाकं?" (खांबटाकं म्हणजे कातळाच्या आत खांब राखून कोरलेलं टाकं.) नवख्याला सुरुवातीला हे झोंबतं. आपलं कौतुक व्हायचं सोडून उलटतपासणी सुरू आहे, असं वाटतं. पण हळूहळू त्याच्या ध्यानात येतं की या खोलीत बसलेल्यांनी त्या डोंगरावर पाय ठेवलेला आहे. इथे वाढवून सांगता येत नाही आणि मोघम सांगितलेलं चालत नाही. पुढच्या खेपेला तोच मुलगा डोंगरात जातो तेव्हा टाक्याशी थांबून पाणी किती खोल आहे ते बघतो, कारण बैठकीत कुणीतरी विचारणार आहे. सांगायचं आहे म्हणून माणूस नीट बघायला लागतो, हे मी इतक्या जणांच्या बाबतीत पाहिलंय की त्याबद्दल मला शंका उरलेली नाही.

मला सगळ्यात जास्त काही देऊन गेलेली बैठक एका न झालेल्या ट्रेकची होती. पायथ्याच्या बेलपाडा गावातून नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड चढायला निघालेला आमच्या मुलामुलींचा गट. ही वाट गडाच्या कोकणकड्याच्या, कोकणाकडे तोंड असलेल्या प्रचंड कड्याच्या, कुशीतून चढते. दगडधोंड्यांनी भरलेली लांबलचक नाळ आणि मध्ये दोर लावावा लागतो असे कातळटप्पे. गट मोठा होता, दोर कमी. एकेकाला बांधून वर घ्यायचं म्हटलं की प्रत्येक टप्प्याला तास-दीड तास सहज जातो. गटाची म्होरकी एक कॉलेजातली मुलगी होती. पाड्यातून निघतानाच तिने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, बारा वाजेपर्यंत अमुक टप्प्यावर नसलो तर मागे वळायचं. बारा वाजले, टप्पा आला नव्हता, ती वळली. कड्याचा माथा वर दिसत होता, दोघंतिघं कुरकुरत होते, तरी वळली.

त्या संध्याकाळी तिच्याकडे दाखवायला धड फोटोसुद्धा नव्हते. पण मागच्या बाकावरून पहिला प्रश्न आला, "वळायची वेळ कुणी ठरवली आणि कधी?" आणि तिथून जी चर्चा रंगली ती वर्गाला कुलूप लावायला शिपाईमामा येऊन उभे राहिले तेव्हा कुठे थांबली. दोर किती, माणसं किती, पहिल्या टप्प्यापर्यंत किती वेळ लागला, पाठीवर वजन किती होतं, उन्हं नाळेत कधी उतरली, सगळं निघालं. त्यानंतर आमच्यातून त्या वाटेला गेलेले गट लहान होते आणि बेलपाड्यातून अंधार असतानाच निघाले. माथ्यावर पोचलेल्यांच्या फोटोंतून हे आम्हाला कधीच कळलं नसतं. ग्रुपवर न झालेला ट्रेक कुणी टाकत नाही. १९२८ साली स्थापन झालेला हिमालयन क्लब १९२९ पासून 'हिमालयन जर्नल' काढतो, त्यातही शिखर न गाठता परतलेल्या मोहिमांचे वृत्तांत छापलेले आहेत. माघारीचा वृत्तांत जपायची ही रीत जुनी आहे आणि ती आपल्या छोट्या मंडळांनीही सोडू नये, असं मला कळकळीने वाटतं.

मोठी संमेलनंही होतात. मुलुंडच्या महाराष्ट्र सेवा संघात २००२ पासून गिरिमित्र संमेलन भरतं, तिथे एव्हरेस्ट-कांचनजंगा करून आलेली माणसं ऐकायला मिळतात. जरूर जावं. पण तिथे आपण श्रोते असतो. घाटवाटेचा खरा हिशोब पंधरा-वीस डोक्यांच्या खोलीतच होतो.

काही गोष्टी तर खोलीतच सांगायच्या असतात. गिधाडांची घरटी कुठल्या कड्यावर दिसली, हे आम्ही एकमेकांना सांगतो, म्हणजे त्या दिवसांत तिथे कुणी दोर टाकू नये. ते ग्रुपवर टाकलं तर पुढच्या रविवारी कड्याखाली कॅमेरे घेऊन गर्दी.

मध्यंतरी आम्ही एक पद्धत सुरू केली. ज्यांनी आम्हाला वाट दाखवली त्या गावातल्या माणसाला बैठकीला बोलवायचं. येण्याजाण्याचा खर्च आणि मानधन, बाहेरच्या गिर्यारोहकाला देतो तेवढंच. कड्याखालच्या एका ठाकरवाडीतले मामा पहिल्यांदा आले. पडद्यावर आमच्यातल्या एकाने त्यांच्याच वाटेचे फोटो लावले होते आणि वर लिहिलं होतं, 'आम्ही शोधलेली वाट'. मामा शांतपणे म्हणाले, या वाटेनंच माझी बहीण नांदायला वर गेली. मग त्यांनी खडू मागितला. फळ्यावर खाली वाडी, वर कडा आणि मधली वाट काढली. मैल नाहीत, मीटर नाहीत. इथे ओझं उतरवून पाणी प्यायचं. इथे पोर पुढून काढून पाठीशी बांधायचं, कारण दोन्ही हात लागतात. इथे बैल नेता येत नाही, तो पलीकडच्या धारेवरून, म्हणजे डोंगराच्या सोंडेवरून, न्यायचा. त्यातली पलीकडची धार आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हती. त्या हिवाळ्यात आमची मंडळी मामांबरोबर तिकडून चढली आणि ती वाट आता आमच्या वहीत आहे. 'आम्ही शोधली' हे शब्द मात्र त्यानंतर आमच्या बैठकीत कुणी उच्चारत नाही.

काही सभासदांना वाटतं, अशा कार्यक्रमांमुळे त्यांच्या हिमालयाच्या स्लाइड्सना वेळ उरत नाही. मी त्यांना सांगते, हिमालयावर लिहिणारे, बोलणारे पुष्कळ आहेत. त्या वाडीतली सत्तरीपुढची माणसं मोजकी आहेत, त्यांना आत्ताच ऐकायला हवं.

तर तुम्ही विचारलंत म्हणून इतकं सांगितलं. यायचं ठरवलंत तर फोटो थोडेच आणा. कुठल्या गावातून निघालात, कोणत्या तारखेला, पाणी कुठे मिळालं, कुठून परत फिरता आलं असतं, एवढं टिपून आणा. वाट कुणी दाखवली त्यांचं नाव आणि त्यांना तुम्ही किती पैसे दिलेत, तेही लिहून ठेवा. आमच्याकडे विचारतात.