तीन सेन्सर एका रात्रीत

फेब्रुवारीत, द्राक्षांच्या ऐन तोडणीत, दिंडोरीकडचे एक काका नाशिकच्या द्वारकेजवळच्या माझ्या दुकानात आले. पिशवीत पिकअपचा ईसीएम, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरचा डबा होता. रात्री शेडमध्ये लावलेली चांगली गाडी सकाळी सुरूच झाली नव्हती. गावातल्या मेकॅनिकने ‘ईसीएम गेला, नवा टाका’ असं सांगितलं होतं.

ईसीएम बेंचवर जोडून 12 व्होल्ट दिले. आतून सेन्सरसाठी निघणारे 5 व्होल्ट अगदी बरोबर, स्कॅनरशी बोलणंही सुरळीत. काका म्हणाले, "उघडून तर बघा." मी नाही म्हणालो. हे झाकण सीलबंद असतं, कापूनच काढावं लागतं, आणि एकदा कापलं की पुन्हा पाणी न शिरेल असं बसवणं फार कठीण. चांगल्या डब्यावर ब्लेड चालवायला माझा हात धजत नाही. गाडीच बघायला हवी होती. काकांना मागे बसवून निघालो.

ईसीएम परत बसवला, चावी ऑन केली. अ‍ॅक्सिलरेटर पेडल, रेल प्रेशर (इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या नळीतला दाब), बूस्ट प्रेशर (टर्बोने इंजिनात ढकललेल्या हवेचा दाब), तिन्ही सेन्सरचे बिघाडाचे कोड एकदम! तीन सेन्सर एका रात्रीत मरत नाहीत. सिग्नलच्या वायरी वेगळ्या असल्या तरी या गाडीत तिघांनाही 5 व्होल्ट एकाच ठिकाणाहून मिळतात. डिझेलचा दाब वाढतो तसा रेल सेन्सर त्यातले जास्त व्होल्ट परत पाठवतो. मूळचे पाचच नसतील तर तो काय सांगणार? आणि रेलमध्ये दाब दिसला नाही तर ईसीएम इंजेक्टर उघडत नाही. मीटर लावला. पाचाऐवजी 0.2.

तिन्ही सेन्सर एकेक करून काढले. तरी 0.2च. म्हणजे दोष वायरीत. ईसीएमचा कनेक्टर काढून ती वायर बॉडीशी मोजली, तर थेट शॉर्ट. नवा ईसीएम टाकला असता, चावीशी जुळवून घेतला असता, तरी हेच झालं असतं.

हार्नेसची, म्हणजे वायरींच्या जुडग्याची टेप सोडत गेलो. इंजिनामागच्या ब्रॅकेटपाशी पाचट आणि कागदाचे कपटे दिसले. उंदराचं घरटं. एका वायरीचं तांबं उघडं पडून ब्रॅकेटला टेकलं होतं. ती बाजूला केली, कनेक्टर लावला, मीटरवर 5.01. शॉर्ट झाला की आतला रेग्युलेटर स्वतःला आवरतो, म्हणूनच डबा वाचला होता.

गावचा मेकॅनिक तोवर येऊन उभा होता. पोरगा मेहनती आहे. त्याला कुणी हे दाखवलंच नव्हतं, याचं मला वाईट वाटलं. वायर सोल्डर करून स्लीव्ह चढवली आणि मीटर त्याच्या हातात दिला. क्रेटच्या पुठ्ठ्यावर कनेक्टरचं चित्र काढून 5 व्होल्टची पिन दाखवली. त्याने स्वतः मोजलं. मग मी न सांगता त्याने उरलेली टेपही सोडली, बोटांनी एकेक वायर चाचपत गेला आणि म्हणाला, "दादा, ही पण कुरतडलीये."

बूस्ट सेन्सरची वायर होती. स्लीव्ह त्यानेच चढवली.