बाईंचं ‘कुठे?’

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा शाळेकडून निरोप आला आणि माझ्या कानात पहिल्यांदा आला तो पेटीच्या भात्याचा आवाज. सूर नव्हे, भात्याचा. बाई पेटी उघडल्यावर भाता दोनदा नुसताच हलवायच्या, सुस्कारा टाकावा तशी हवा बाहेर पडायची आणि आमची बडबड आपोआप थांबायची. जिन्याखालच्या त्या खोलीत जे बसलेत त्यांना मी कोणत्या बाईंबद्दल लिहितेय हे सांगायला नकोच. शाळेबद्दल, निकालांबद्दल, स्नेहसंमेलनांबद्दल बाकीचे लिहितीलच. मला बाईंबद्दलच लिहायचं आहे.

शनिवारचा शेवटचा तास. वेळापत्रकात ‘संगीत’ असायचं, आम्ही त्याला ‘आवडतं गाणं’ म्हणायचो. दर शनिवारी तिघांनी पुढे यायचं, आवाज कसाही असो, आपल्या आवडत्या गाण्याच्या दोन ओळी म्हणायच्या आणि ते का आवडतं ते सांगायचं. नियम दोनच. दुसऱ्याच्या गाण्याला हसायचं नाही. आणि ‘छान आहे म्हणून आवडतं’ हे चालणार नाही. कुणी तसं म्हटलंच तर बाई मान वर करून विचारायच्या, ‘‘कुठे?’’

म्हणजे गाण्यात नेमकं कुठे. कोणत्या शब्दाला, कोणत्या सुराला आत काहीतरी हलतं? दहा-बारा वर्षांच्या मुलांना असं कुणी विचारत नाही. सुरुवातीला आम्ही गोंधळायचो, मग हळूहळू उत्तरं यायला लागली. एकाने सांगितलं, तबला क्षणभर थांबतो आणि मग सगळे एकदम समेवर येतात, तिथे. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, ‘‘शेवटच्या कडव्यात गाणारीचा श्वास ऐकू येतो, तिथे.’’ बाईंनी तिला ती जागा तीनदा म्हणायला लावली आणि श्वासही घ्यायला लावला. एकीने सांगितलं की ह्या गाण्याने रडू येतं म्हणून ते आवडतं. तिला मात्र बाईंनी ‘कुठे’ विचारलं नाही. कुणाला विचारायचं आणि कुणाला नाही, हे त्यांना कसं कळायचं, ते मला अजून उमगलेलं नाही.

आठवीत माझी पाळी आली तेव्हा मी त्या वर्षी सगळ्यांच्या तोंडी असलेलं सिनेमातलं एक गाणं म्हटलं. ‘‘कुठे?’’ मी गप्प. खरं तर ते गाणं मला आवडतच नव्हतं, मैत्रिणींना आवडायचं. बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, ‘‘पुढच्या शनिवारी तुझं आण.’’

आठवडाभर विचार केला आणि लक्षात आलं की माझ्या गाण्याला शब्दच नाहीत. रात्री सगळे झोपले असं वाटलं की बाबा बुटांना पॉलिश करत बसायचे आणि गुणगुणायचे. तीच चाल, रोज. ब्रशच्या लयीत. मी पांघरुणात जागी असायचे.

शनिवारी उठून म्हटलं, ‘‘बाई, माझ्या गाण्याला शब्द नाहीत.’’ कुणीतरी फिस्सकन हसलं. बाईंनी तिकडे नुसतं पाहिलं. मी गुणगुणले. बाईंनी पेटीवर सूर शोधत शोधत ती चाल पकडली. ‘‘कुठे?’’ म्हटलं, ‘‘शेवटी. बाबा घरी पोहोचतच नाहीत.’’ मला काय म्हणायचं होतं ते माझं मलाही धड कळलं नव्हतं. बाईंना कळलं. त्यांनी चाल पुन्हा वाजवली आणि शेवटच्या सुरावर बोट तसंच दाबून धरलं. तो नी होता. भाता चालू, नी चालू, आणि बाई पुढे जाईनात. खोलीत चुळबुळ सुरू झाली आणि कुणी न सांगता अख्ख्या वर्गाने सा लावला!

बाईंनी मला जवळ बोलावून पट्ट्या दाखवल्या. नी आणि वरचा सा यांच्या मध्ये एकही पट्टी नाही. ‘‘इतकं जवळ आलेलं माणूस आत आलं नाही की जिवाची घालमेल होते. तुझे बाबा यमन रागाच्या वाटेने जातात. यमनात असा सा टाळतात, म्हणून तो हवासा वाटतो.’’ बाबा गाणं कुठेही शिकले नव्हते. ही गोष्ट मी घरी कधीच सांगितली नाही. सांगितली असती तर ते गुणगुणायचे थांबले असते.

2011 साली माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिलं की आवडतं गाणं ऐकताना मेंदूत डोपामाइन हे आनंदाशी जोडलेलं रसायन स्रवतं, आणि ते नुसतं त्या खास जागेला नव्हे तर ती जागा येण्याच्या आधीही, वाट पाहताना, मेंदूच्या वेगळ्या भागात. तो निबंध वाचताना मला बाईंचं नी वरचं बोट दिसत होतं.

आज मी वाचाउपचार करते. मेंदूच्या डाव्या बाजूला झटका येऊन वाणी गेलेली माणसं माझ्याकडे येतात. ‘पाणी’ म्हणता येत नाही, पण गाण्याची ओळ सुरू करून दिली की पुढचे शब्द पुष्कळदा सुरासकट बाहेर येतात. चालीच्या वाटेने बोलणं परत आणायची पद्धत 1973 साली बोस्टनमध्ये मांडली गेली. रोजचं वाक्य दोनच सुरांवर, एक वरचा आणि एक खालचा, म्हणायचं आणि डाव्या हाताने टेबलावर ठेका धरायचा. एक आजोबा तीन आठवडे माझ्यासमोर नुसते डोळे पुसत बसायचे. त्यांच्या मुलीला मी विचारलं, ह्यांचं आवडतं गाणं कोणतं? मग विचारलं, ‘‘त्यात कुठे थांबतात? कुठे डोळे मिटतात?’’ ती जागा तिला ठाऊक होती. तिथूनच सुरुवात केली. त्या दिवशी आजोबा चार शब्द गायले. ही विद्या मला महाविद्यालयाने दिलेली नाही.

बाईंनीच आम्हाला सांगितलं होतं की 1977 साली सोडलेल्या व्हॉयेजर अंतराळयानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी आहे आणि तिच्यात केसरबाई केरकरांची भैरवी आहे. सांगताना त्यांचा चेहरा असा फुलला होता, जणू त्यांच्या माहेरचंच माणूस तिकडे गेलंय. त्या तबकडीतल्या सत्तावीस संगीतरचनांमध्ये ब्लाइंड विली जॉन्सन या अमेरिकन गायकाचं 1927 मध्ये ध्वनिमुद्रित झालेलं एक गाणंही आहे, हे मला फार उशिरा समजलं. त्यात शब्द नाहीत. तो गिटारच्या साथीने नुसता गुणगुणतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली.

परवा शाळेत येऊन गेले. जिन्याखालच्या खोलीत संगणक आहेत, आणि ते हवेतच. पण शनिवारचा तो तास उरलेला नाही, याचं मला मनापासून वाईट वाटलं. माझी मुलगी मैत्रिणींना दिवसाला दहा गाणी पाठवते. उलट एक बदाम येतो आणि संपतं. गाणी आमच्यापेक्षा कितीतरी जास्त, पण ‘कुठे?’ कुणी विचारत नाही. मी विचारते तर म्हणते, ‘‘आई, आता ऐकू दे ना.’’ तरी परवा स्वतःहून आली, एक हेडफोन माझ्या कानात घातला, आणि मध्येच माझा दंड दाबला. ‘‘इथे.’’

बाई गेल्याचं मला वर्षभराने कळलं. तेव्हापासून एकच गोष्ट मनात घर करून आहे. एवढ्या शनिवारांत आम्ही सगळ्यांनी आपापली गाणी त्यांच्यापुढे ठेवली, पण बाईंना त्यांचं आवडतं गाणं कोणतं, हे आमच्यातल्या एकानेही विचारलं नाही. आमच्या 1989 च्या तुकडीत किंवा पुढच्या-मागच्या वर्गांत कुणाला ते माहीत असेल तर मला जरूर कळवा. आणि कुठे, तेही कळवा.