वळीव, पंखाची वाळवी आणि जागेवर थांबवलेला ल्यूअर

मावळातल्या धरणाच्या पाण्यावर मी गळाच्या मासेमारीचा गाईड म्हणून काम करतो. जूनचा पहिला आठवडा होता. दुपारी चारला वळीव आला, अर्धा तास कोसळला आणि उघडला. सव्वासहाच्या सुमाराला ओढ्याच्या तोंडाशी असलेल्या वारुळातून पंखाची वाळवी धुरासारखी निघाली. वारा काठाकडून पाण्याकडे वाहत होता, त्यामुळे निम्मी वाळवी पाण्यावर पडली आणि फेसाच्या पट्ट्यात साचत गेली. पाच मिनिटांत त्या पट्ट्यात वर्तुळं उठायला लागली. चिल्लर मासा टपटप वाजवतो. इथे ‘गब्’ असा खोल आवाज येत होता आणि मागे दोन-तीन बुडबुडे राहत होते. महाशीर, म्हणजे आपली खडशी. साईक्स या इंग्रज निसर्गअभ्यासकाने १८३९ साली या माशाचं वर्णन केलं ते पुण्याजवळच्या नदीतल्या माशांवरून, आणि शास्त्रीय नावातलं ‘खुद्री’ इथल्याच बोलीतून घेतलं.

सोबत पुण्याहून आलेले एक गृहस्थ होते. त्यांनी उत्साहाने ९ सेंटिमीटरचा पॉपर, म्हणजे पाण्यावर खळखळ करणारा ल्यूअर (नकली आमिष), थेट पट्ट्यात टाकला आणि वर्तुळं बंद झाली. दहा मिनिटं पाणी गप्प. माशी-किड्यांवर लागलेला मासा वरच्या वीतभर पाण्यात फिरत असतो, जड वस्तू डोक्यावर आदळली की तो खाली जातो आणि लवकर परत येत नाही.

मग ४ सेंटिमीटरचा, ४ ग्रॅमचा सिकाडा, म्हणजे किड्यासारखा ल्यूअर लावला. याला दोन्ही बाजूंना पत्र्याचे पंख असतात आणि ओढला की तो चपचप आवाज करत पोहतो. एरवी याच चालीवर मासा येतो. त्या दिवशी दोनदा मासा मागे आला, ल्यूअरच्या शेपटाशी थांबला आणि वळून गेला. उत्तर समोर पाण्यावरच होतं. पडलेली वाळवी पोहत नव्हती. ओले पंख पाण्याला चिकटलेले, धड जागच्या जागी थरथरत होतं, आणि वाऱ्याने जेवढी सरकेल तेवढीच सरकत होती.

“दादा, आता रील फिरवायचंच नाही. टाका आणि थांबा.”

थांबायला सांगितलं खरं, पण ल्यूअर थांबला की दहा सेकंदांत नाक खाली घालायचा. इथे बहुतेकांचं चुकतं. लीडर, म्हणजे मुख्य दोरी आणि ल्यूअर यांच्यामधला तुकडा, फ्लोरोकार्बनचा होता. त्याची घनता साधारण १.७८ (पाण्याची १), म्हणजे तो सरळ बुडतो आणि हलक्या ल्यूअरचं तोंड खाली खेचतो. वर स्नॅपचं, म्हणजे ल्यूअर अडकवायच्या तारेच्या कडीचं वजन. नायलॉनची घनता १.१४ च्या आसपास असते, त्यामुळे तो पाण्यावर बराच वेळ टिकतो. ०.८ नंबर जाडीच्या पीई (विणलेल्या) दोरीला १० पौंड ताण सोसणारा नायलॉन, सव्वा मीटर, एफजी नावाच्या बारीक गाठीने जोडला. स्नॅप काढून ल्यूअर थेट सैल फासाच्या गाठीने बांधला, म्हणजे तो मोकळा डोलतो.

दोन्ही ट्रेबल हुक (तीन टोकांचे गळ) काढले आणि मागे एकच जाड तारेचा, काटा चेपलेला गळ लावला. महाशीर जबड्याच्या दाबाने बारीक तारेचे गळ वाकवते, काही वेळा मोडतेही. वजन कमी झाल्यामुळे ल्यूअरचं शेपूट वर उचललं गेलं. गळाच्या दांडीवर सोल्डरच्या तारेचे तीन वेढे दिले, काठावरच्या पाण्यात सोडून पाहिला, अर्धा वेढा कातरला. आता तो सपाट बसला: पोट पाण्यात, पाठ कोरडी, रबराचे पाय दोन्हीकडे पसरलेले. ही चाचणी पायाशी करूनच ल्यूअर फेकावा, कारण वीस मीटरवर तो कसा बसलाय ते दिसत नाही.

फेकही वर्तुळाच्या मध्यात नको. मासा पट्ट्यातून एका दिशेने टिपत जातो, दोन-तीन वर्तुळं पाहिली की दिशा कळते. त्याच्या दोन मीटर पुढे टाकायचं आणि ल्यूअर पाण्याला टेकण्याआधी स्पूलच्या (रीलवरच्या दोरीच्या चक्रीच्या) कडेला बोट लावून दोरी आवरायची, म्हणजे तो अलगद उतरतो. लाटा पूर्ण विरू द्यायच्या, मनात पंधरा मोजायचे. मग रॉडचं टोक इतकंच थरथरवायचं की पाय हलतील आणि ल्यूअर इंचभराच्या वर सरकणार नाही. त्यासाठी दोरीत थोडी ढील हवीच.

पहिला घास वाया गेला. ‘गब्’ ऐकताच दादांनी रॉड उपटला आणि ल्यूअर आमच्याच अंगावर उडून आला. आवाज तोंड उघडल्याचा असतो, मिटल्याचा नव्हे. पाण्यावरची ढिली दोरी सरकून ताणली जाईपर्यंत हात आवरायचा, मग रॉड आडवा ओढायचा.

दुसऱ्या वेळी त्यांनी दोरीवर नजर ठेवली. ढील सरळ झाली, रॉड वाकला आणि मासा बुडालेल्या झाडांच्या बुंध्यांकडे सुटला. ड्रॅग, म्हणजे रीलचा ब्रेक, किलोभर ताणावर होता, तो मी वाढवू दिला नाही; नायलॉन बुंध्याला घासला असता तरी ताण कमी असल्याने वाचण्याची शक्यता होती. दादांनी काठाने चार पावलं बाजूला जाऊन रॉडचा कोन बदलला, तेव्हा तो वळला. अंदाजे दोन किलोचा. रबरी जाळीत, पाण्यातच ठेवून गळ काढला. गळ जाड ओठाच्या कोपऱ्यात होता, चिमट्याने एका झटक्यात निघाला. पावसाळा हा यांचा विणीचा काळ, तेव्हा पोट दाबून धरायचं नाही, उचलून फोटो काढायचा नाही. शेपटीजवळ धरून तोंड सरळ ठेवलं, कल्ले सावकाश उघडझाप करू लागले आणि तो हातातून निसटला.

सातला वाळवी संपली. पाण्यावर नुसते गळलेले पंख उरले, ते दोरीला चिकटून रॉडच्या कड्यांत अडकायला लागले. वर्तुळंही थांबली. आम्ही दोरी ओल्या फडक्यातून पुसत गुंडाळून घेतली.