गुलाबी बॅसिलस

"मॅडम, माझं गुलाबी आलंय." ग्रॅम स्टेनिंगच्या, म्हणजे जंतू रंगवून त्यांचे दोन गट ओळखायच्या, प्रॅक्टिकलला दर वर्षी कोणीतरी हे म्हणतंच, आणि अकरा वर्षं माझं उत्तर ठरलेलं आहे: "अल्कोहोल जास्त झालं, परत कर." गेल्या महिन्यात एका मंगळवारी एफवायच्या एका मुलीला मी हेच सांगितलं. तो दिवस अजून मनातून जात नाही.

क्रिस्टल व्हायोलेट हा जांभळा रंग एक मिनिट, आयोडीन एक मिनिट, एवढं घड्याळ लावून कोणालाही जमतं. खरं कौशल्य अल्कोहोलने रंग धुवायच्या पायरीला. स्लाइड तिरपी धरायची, थेंब थेंब सोडायचे आणि खालच्या कडेवरून ओघळणाऱ्या थेंबावर डोळा ठेवायचा. गडद जांभळा थेंब फिका होत जातो. तो जवळजवळ बिनरंगी झाला की लगेच पाणी. सगळं मिळून दहा-वीस सेकंद. ज्यांच्या भिंतीत पेप्टिडोग्लायकन या जाळीदार पदार्थाचा जाड थर असतो ते जंतू जांभळा रंग धरून ठेवतात, ते ग्रॅम पॉझिटिव्ह. पातळ थराचे तो सोडतात आणि नंतरच्या सॅफ्रानिन या लाल रंगाने गुलाबी होतात, ते ग्रॅम निगेटिव्ह. स्मिअर, म्हणजे स्लाइडवर पसरलेला जंतूंचा थर, जाड झाला तर ग्रॅम निगेटिव्ह ई. कोलायसुद्धा जांभळा दिसतो. हा अंदाज हाताला यायला दोन-तीन प्रॅक्टिकलं जावी लागतात, आणि वीस मुलांत सहा मायक्रोस्कोप असताना तेवढी मिळत नाहीत.

त्या मुलीच्या स्लाइडवर दोन स्मिअर होते, डावीकडे गोल स्टॅफिलोकॉकस आणि उजवीकडे कांडीसारखा बॅसिलस सबटिलिस. दोन्ही ग्रॅम पॉझिटिव्ह, म्हणजे दोन्ही जांभळे यायला हवेत. तिचा बॅसिलस गुलाबी होता. शिवाय तिने जर्नलमध्ये प्रत्येक गुलाबी कांडीच्या मधोमध एक कोरा लंबगोल काढला होता. "मॅडम, मध्ये रिकामं दिसतंय." मी मायक्रोस्कोपच्या आयपीसला डोळा लावला न लावला आणि म्हणाले, "भिंगाच्या तेलाचे बुडबुडे असतील. खोड आणि जांभळं काढ, पान आजच सही व्हायला हवं." तिने मुकाट्याने खोडलं.

संध्याकाळी स्लाइडी झायलीनने पुसून ठेवताना तिची स्लाइड हातात आली. घाई नव्हती, म्हणून ऑइल इमर्शनखाली, म्हणजे तेलाच्या थेंबातून बघायच्या भिंगाखाली, नीट बघितली. डावीकडे स्टॅफचे घोस, गडद जांभळे. तिथेच मला चुकचुकलं. अल्कोहोल जास्त झालं असतं तर त्याच स्लाइडवरचा स्टॅफही फिका पडला असता. तो शाबूत होता, म्हणजे मुलीचा हात बरोबर होता. उजवीकडे गुलाबी कांड्या आणि प्रत्येकीच्या पोटात स्वच्छ, रेखीव लंबगोल. बुडबुडे इतके एकसारखे नसतात. ते एंडोस्पोर होते, म्हणजे अन्न संपत आलं की पेशीच्या आत बनणारी टणक बीजं. ग्रॅमच्या रंगात स्पोर रंगत नाही, तो असा कोराच दिसतो.

मग स्लँटवरची, म्हणजे जंतू वाढवलेल्या नळीवरची, तारीख बघितली. स्टॅफ आदल्या दिवशी लावलेला, बॅसिलस मात्र शुक्रवारचा, म्हणजे चार दिवस इनक्युबेटरमध्ये. या स्टेनिंगला 18 ते 24 तासांचं कल्चर लागतं, हे मीच फळ्यावर लिहिते. म्हातारं झालं की अन्न संपतं, पेशी स्पोर बनवायला लागतात, जुन्या भिंती झिजतात आणि जांभळा रंग टिकत नाही. सोमवारी तीन बॅचची तयारी एकटीने करताना मी नवीन स्लँट लावला नाही. आमच्याकडची एक जागा कित्येक वर्षं तासिका तत्त्वावर चालते आणि ती माणसं दर जूनमध्ये बदलतात. पण त्या दिवशीची चूक माझी होती.

खात्रीसाठी तीन टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात तेच कल्चर लूपने, म्हणजे तारेच्या कडीने, घोटलं. ग्रॅम निगेटिव्ह असेल तर पेशी फुटतात, आतला डीएनए बाहेर येतो आणि लूप उचलला की चिकट तार निघते. शेजारी ई. कोलायच्या थेंबाची तार निघाली. बॅसिलसची निघाली नाही. रंग गुलाबी, जंतू ग्रॅम पॉझिटिव्हच.

हान्स ख्रिश्चन ग्रॅमने 1884 साली ही पद्धत प्रसिद्ध केली, तेव्हा ती अजून सदोष आणि अपुरी असल्याचं स्वतःच लिहून ठेवलं होतं. आम्ही मात्र ती मुलांना पाढ्यासारखी देतो. परीक्षक रंग बघून गुण देतात, म्हणून मुलं सीनियरांच्या जर्नलवरून चित्रं उतरवतात, आणि त्याचा आम्हालाच राग येतो. या मुलीने उतरवलं नव्हतं. तिने आयपीसमधून दिसलं तेच काढलं होतं.

पुढच्या मंगळवारी मी तिला लवकर बोलावलं. त्याच स्लँटचा स्मिअर उकळत्या पाण्याच्या वाफेवर धरून मॅलाकाइट ग्रीन या स्पोरमध्ये शिरणाऱ्या हिरव्या रंगाने पाच मिनिटं रंगवला, धुऊन सॅफ्रानिन दिलं. गुलाबी कांडीत हिरवा लंबगोल, तिने काढला होता अगदी तिथेच. ती बराच वेळ आयपीसवरून डोळा काढेना. "तुझंच बरोबर होतं, माझं चुकलं," मी सांगितलं. ती म्हणाली, "मग मॅडम, जर्नलमध्ये कुठलं ठेवू?"

मी जर्नल मागून घेतलं. त्या पानावर जांभळ्या कांड्या आहेत, आणि खोडरबराने नीट न गेलेला गुलाबी रंग त्यांच्या खालून दिसतोय. माझी सही आणि तारीख त्याच्याच शेजारी आहे.